भावजींनी वाढवलेली माझी मुलं

फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. गावाकडचे आमचे शेजारी पांडूदादा बोलत होते. एरवी ते आधी पाऊसपाणी, भाताचं कसं काय, असं सगळं बोलून मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी एकदम म्हणाले, "वयनी, तुमी निघा." कुठे, कशासाठी, काही नाही. मी विचारलं, "भावजी बरे आहेत ना?" ते म्हणाले, "कांद्याला पाणी सोडायला गेलता. दमला म्हणून बांधावर टेकला, तो टेकलेलाच हाय. आमी हाका मारल्या, हलवला... तुमी निघा." मी डब्याचं झाकण परत लावलं. ते का लावलं, कुणास ठाऊक. पोळी-भाजी तशीच आत राहिली आणि चौथ्या दिवशी पिशवीतून वास यायला लागला तेव्हा आठवण झाली.

माझे धाकटे दीर यशवंत असे गेले, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. आज पाच आठवडे झाले. पेपरात कुणी लिहावं असं नाव त्यांनी कमावलं नव्हतं. थोडी भातशेती, त्यानंतर त्याच जमिनीत पांढरा कांदा, परसात चार माड. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. पण माझी दोन मुलं त्यांनी सांभाळली, सहा वर्षं, अगदी लंगोटापासून. ही गोष्ट मी ऑफिसात कधी कुणाला नीट सांगितली नाही. मुलं कोण बघतं, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "घरी माणसं आहेत ना." माणसं नव्हती. एक माणूस होता.

आमचं गाव मांडव्याच्या धक्क्यापासून अर्ध्या तासावर, अलिबागच्या वाटेला. माझी नोकरी लग्नाआधीपासूनची, मुंबईत फोर्टात. सकाळच्या बोटीने जायचं, संध्याकाळच्या बोटीने यायचं. वर्षाचे आठ महिने हे जमायचं. पावसाळा लागला की बोटी बंद. रस्त्याने रोज जाऊन-येऊन नोकरी करणं कुणालाच शक्य नव्हतं, म्हणून ते चार महिने मी सोमवारी अंधारात घर सोडायची ती शनिवारी संध्याकाळी परत यायची. आठवडाभर चेंबूरला मावशीकडे. माझे यजमान उरणच्या बंदरातून ट्रेलर घेऊन गुजरात-राजस्थानकडे जायचे, महिन्यातून सहा-सात दिवस घरी. घर सासूबाईंच्या जिवावर चाललं होतं. मानसी चार वर्षांची आणि ओंकार तीन महिन्यांचा असताना सासूबाई गेल्या.

तेराव्याला सगळे नातेवाईक ओटीवर बसून माझ्या नोकरीचा निकाल लावत होते. सुनेने आता घरी बसावं, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. यजमानही मान खाली घालून होते. भावजी पत्रावळी गोळा करत होते. ते वाकल्या वाकल्याच म्हणाले, "मी हाय ना घरी." कुणी लक्ष दिलं नाही. तेव्हा उभे राहून म्हणाले, "पोरांना मी सांभाळीन." आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "तू? लंगोट तरी बांधता येतो का रं तुला?"

"भात लावायला तरी आईच्या पोटातून शिकून आलतो का? शिकीन."

मी दाराआडून ऐकत होते. मला हायसं वाटलं, हे खरं. पण त्याच्या पाठोपाठ भीतीही वाटली, की हा पुरुषमाणूस, पस्तीस वर्षांचा, याच्या हातात तीन महिन्यांचं मूल कसं द्यायचं? दोन महिन्यांनी रजा संपली आणि द्यावं लागलं.

पहिले तीन दिवस ओंकारने बाटली तोंडात धरली नाही. मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा मूल रडून रडून निळं झालेलं आणि भावजी ओटीवर येरझारा घालून थकलेले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडे माझं नेसलेलं पातळ मागितलं. न धुतलेलं. संकोचाने त्यांची मान वर होत नव्हती. मी दिलं आणि बोट पकडायला धावले. ते पातळ त्यांनी खांद्यावरून घेतलं, त्यात मुलाला गुंडाळून बाटली दिली, आणि मुलगा प्यायला. पुढे कितीतरी दिवस ते तसेच पातळ पांघरून ओटीवर बसायचे. गावातल्या पोरांनी त्यांना 'यशोदा' म्हणायला सुरुवात केली. नाक्यावरून जाताना मागून हाक यायची, "ए यशोदे!" भावजी कधी चिडले नाहीत. उलट एकदा ओंकारला खांद्यावर घेऊन मागे वळून म्हणाले, "काय रं, तुला पन दूध पायजेल काय?" त्यानंतर ती हाक हळूहळू बंद झाली.

त्यांना सगळंच जमलं असं नाही. पेज करपायची. आंघोळीचं पाणी कधी फार गरम, कधी गार. ओंकारला दात येताना हगवण लागली तेव्हा ते इतके घाबरले की त्याला पोटाशी बांधून, मानसीला मागे बसवून, मोटारसायकलने थेट अलिबागला डॉक्टरकडे गेले आणि तिथे पोचल्यावर लक्षात आलं, की पायात चपलाच नाहीत. मानसीच्या केसांचा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच्या अकलेने सोडवला. आमच्याकडे पांढरा कांदा काढला की त्याची पात वळून माळ विणतात, एकेक कांदा गुंफत. गावात भावजींइतकी घट्ट माळ कुणाची नसे. त्यांनी मानसीला पुढ्यात बसवली आणि कांद्याच्या माळेसारखीच तिची वेणी विणली. इतकी घट्ट, की पोरीचे डोळे ताणले गेले. दिवसभर सुटली नाही, दुसऱ्या दिवशीही सुटली नाही. मानसी आता तेवीस वर्षांची आहे, नोकरी करते, केस आखूड ठेवते. ती म्हणते, "काकाने वेणी घातली की मला दोन दिवस झोपेतसुद्धा डोळे मिटता यायचे नाहीत."

पावसाळ्यातल्या शनिवारी मी घरी पोचले की भावजी मला आठवड्याचा सगळा हिशेब द्यायचे. सोमवारी काय खाल्लं, मंगळवारी कोण पडलं, बुधवारी कुणी कुणाला चावलं. दिवसाच्या क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. मानसी शाळेत काय म्हणाली, ओंकारला बेडकाची भीती कशी वाटली आणि मग कशी गेली. मी भिंतीला टेकून ऐकायची. पाच-सहा दिवसांचा थकवा अंगात असायचा. गुरुवारपर्यंत येता येता माझा डोळा लागायचा. ते थांबायचे, माझ्या अंगावर चादर टाकायला मानसीला सांगायचे आणि उठून जायचे. शुक्रवार मला कधीच कळला नाही... माझ्या मुलांच्या लहानपणातले कितीतरी शुक्रवार आता कुणालाच माहीत नाहीत. ते सांगणारा माणूस गेला.

एक गोष्ट लिहायची की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. मानसी सहा वर्षांची असताना, एका दुपारी भावजी ओंकारला झोपवत होते आणि ती कुणाला न सांगता खाडीकडे गेली. गावापासून खाडी लांब नाही, पण भरतीला पाणी बघता बघता चढतं. भावजी तासभर तिला शोधत होते. धाकट्याला पांडूदादांच्या घरी टाकून बांधाबांधाने पळत होते. ती सापडली तेव्हा चिखलात बसून काठीने चिंबोऱ्या-खेकड्यांना डिवचत होती, आणि पाणी दहा हातांवर आलं होतं. त्यांनी तिला उचलली, बांधावर आणली आणि एक थोबाडीत दिली.

हे मला मानसीने नाही, भावजींनीच सांगितलं. मी दारात चपला काढत होते. ते ओटीवर उभे होते, हात मागे बांधून, जबानी द्यावी तसे. "वयनी, आज मी पोरीवर हात उचलला." मानसीच्या गालावर बोटं उमटली होती. मी ती बोटं पाहिली, खाडीचं पुढचं ऐकलंच नाही, आणि म्हणाले, "माझ्या मुलीवर हात उचलायचा तुम्हाला काय अधिकार?"

ते परसात निघून गेले. त्या दिवशी जेवलेही नाहीत. खाडीचं सगळं मला नंतर पांडूदादांकडून कळलं, पण मी माफी मागितली नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस अधिकच ताठ होतो. तोपर्यंत भावजी 'आपली पोरं' म्हणायचे. 'आपली मानसी हुशार निघणार', 'आपल्या ओंक्याला गूळ लय आवडतो'. त्यानंतर ते 'तुमची पोरं' म्हणायला लागले. सांभाळण्यात तसूभर फरक पडला नाही. फक्त तो एक शब्द बदलला, आणि मला तो रोज ऐकू येत राहिला.

त्याच सुमारास माणगावकडून त्यांच्यासाठी स्थळ आलं. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला आमच्याकडेही कुणी पटकन तयार होत नाही, त्यातून वय सदतीस. पण मुलीचे मामा स्वतः घर बघायला आले. मुलीचा फोटो त्यांनी आणला होता, साधी, हसऱ्या चेहऱ्याची बाई. भावजींनी तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला, हे मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. मग मामांनी विचारलं, "ही पोरं कुणाची?"

"भावाची."

"मग लग्नानंतर यांचं कोण करणार?"

भावजी म्हणाले, "मीच की. मोठी व्हईपर्यंत हायती माझ्याकडं."

मामांनी मुलांकडे पाहिलं. म्हणाले, "आमच्या पोरीनं आल्या दिवसापासून दुसऱ्याची दोन पोरं वाढवायची, असंच ना?" त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. भावजींनी आत माझ्या दिशेने पाहिलं. मी चुलीपाशी चहा ढवळत होते. त्या क्षणी बाहेर जाऊन मी एवढंच म्हणायला हवं होतं, की आमच्या मुलांचं आम्ही बघू, तुम्ही लग्नाचं बघा. काहीतरी सोय झाली असती. बाई ठेवता आली असती, चेंबूरला खोली घेता आली असती. मला ते शब्द सुचले नाहीत असं नाही. सुचले होते. जिभेवर होते. मी चहा ढवळत राहिले... साखर केव्हाच विरघळली होती. मामा चहा पिऊन गेले आणि पुन्हा निरोप आला नाही. यजमान परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, "माणगावचं जमलं नाही." ते म्हणाले, "जमेल दुसरं." दुसरं आलं नाही.

इतकं सगळं ज्यांच्यावर टाकलं, त्यांच्यापासून मुलांना तोडलं तेही मीच. ओंकार सहा वर्षांचा होता. जुलैतला शनिवार, मी भिजून घरी आले. त्याला ताप होता आणि तो भावजींच्या मांडीवर पडला होता, त्यांच्या बनियनचा काठ मुठीत धरून. मी पिशवी टाकली, हात पुढे केले. त्याने डोळे उघडून मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. म्हणाला, "तू जा. तू सोमवारी ये."

त्याला वारांचं नीट कळत नव्हतं. सोमवार म्हणजे आईचा काहीतरी दिवस, इतकंच त्याच्या डोक्यात होतं. भावजी ओशाळून म्हणाले, "तापात बडबडतोय, वयनी. मनावर नका घेऊ." मी मनावर घेतलं. दिवाळीनंतर पनवेलला भाड्याची जागा बघितली, ऑफिसातून मुंबईतच पण पनवेलहून सोयीच्या शाखेत बदली मागून घेतली. शाळा सुटल्यावर मुलांकडे बघायला बाई ठरवली. मुलांच्या शाळेचं कारण सगळ्यांना सांगितलं. भावजींनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "तुमची पोरं, तुमी ठरवा." मे महिन्यात सामान हलवलं. त्यांनीच टेम्पो ठरवला, त्यांनीच कपाटं चढवली, पनवेलच्या घरात पडद्याच्या दांड्या ठोकल्या, गॅलरीत मुलं चढू नयेत म्हणून जाळी बांधली. निघताना ओंकार त्यांच्या पायाला मिठी मारून बसला होता. त्यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. मागे न बघता जिना उतरले. तिसऱ्या मजल्यावरून मी पाहत होते. खाली जाऊन ते एसटीच्या रस्त्याला न लागता बराच वेळ कोपऱ्यावर नुसते उभे होते.

आता पावसाळ्यातही मोठी बोट चालते, गाड्यासुद्धा घेऊन जाते. ती तेव्हा असती तर, असं पहिल्यांदा मनात आलं त्या दिवशी मी स्वतःला बरं वाटून घेत होते. बोटीचा दोष थोडाच होता.

सुरुवातीला ते दर दुसऱ्या रविवारी पनवेलला यायचे. वालाच्या शेंगा, नारळ, थंडीत पोपटीसाठी, शेंगा मडक्यात घालून जाळावर भाजायला, मडक्यासकट सगळं सामान घेऊन. पोपटी लावायला सोसायटीत जागा कुठली? एकदा त्यांनी खालच्या मोकळ्या जागेत जाळ केला आणि वॉचमनने विझवायला लावला. मुलं मोठी झाली, क्लास, मित्र, मोबाइल. काका आला की ओंकार दहा मिनिटं बसायचा, मग आत जायचा. यात मुलांचंही काही वावगं नाही, त्या वयात सगळी तशीच असतात. भावजी हळूहळू महिन्यातून एकदा, मग सणासुदीला यायला लागले. फोनवर मात्र न चुकता विचारायचे, "पोरं जेवली?" ओंकार एकोणीस वर्षांचा झाला तरी.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही गावी होतो. विसर्जन करून आल्यावर मी आणि भावजी ओटीवर बसलो होतो. बाकीचे आत. मी कितीतरी वर्षं जे गिळत आले होते ते एकदम बाहेर पडलं. म्हटलं, "भावजी, माणगावच्या त्या स्थळाच्या वेळी मी बाहेर यायला हवं होतं. माझ्यामुळे तुमचं राहून गेलं."

त्यांनी कोणतं स्थळ, असं विचारलं नाही. तंबाखू मळत राहिले. म्हणाले, "मला काय कुणी बांधून ठेवलं व्हतं? मीच हो म्हनलो व्हतो आईच्या तेराव्याला." मला वाटलं, संपलं. सुटले मी. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पन तवा एकदा इचारलं असतंत ना, वयनी... तरी मी न्हायच म्हनलो असतो. पन इचारायला पायजे व्हतं."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते उठले, आत हाक मारली, "मानसी, आईला पाणी दे गं." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपली पोरं चांगली निघाली. आनि काय पायजे?" आपली. पंधरा-सोळा वर्षांनी तो शब्द परत आला होता.

पांडूदादांच्या त्या फोननंतर आम्ही गावी पोचलो तेव्हा त्यांना ओटीवर ठेवलं होतं. पायांना मळ्यातला चिखल तसाच वाळलेला. ओंकारने पातेल्यात कोमट पाणी आणलं आणि बसून ते पाय धुतले, बोटांच्या सांध्यांतून, सावकाश. अग्नी कोण देणार, असं गावच्या जाणत्यांनी विचारलं. रीतीने तो मान माझ्या यजमानांचा, थोरल्या भावाचा. ते पुढे व्हायच्या आत ओंकार म्हणाला, "मी देणार." कुणीतरी म्हणालं, बाप जिवंत असताना मुलाने कसा द्यायचा. यजमानांनी नुसता हात वर केला आणि ओंकारला पुढे केलं.

दिवस झाल्यावर मी आणि मानसी त्यांची खोली आवरायला घेतली. आवरण्यासारखं फार नव्हतंच. खुंटीवर दोन सदरे, कोनाड्यात दाढीचं सामान, भिंतीला लावलेला मोठा लाकडी पलंग आणि त्यावर कापसाची जुनी गादी. मी चादर काढली. एवढा रुंद पलंग, एकटा माणूस, पण गादीला खड्डा पडला होता तो अगदी कडेला, लांबट, एका कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा. मधली आणि भिंतीकडची गादी तशीच फुगलेली होती, कधी कुणी पाठ न टेकल्यासारखी. मला उलगडा होईना. मानसी बघत राहिली आणि खाली बसली. म्हणाली, "आई, आम्ही भिंतीकडे झोपायचो. ओंकार लोळायचा ना, म्हणून काका कडेला..." मुलं गेल्याला तेरा वर्षं झाली होती.

यजमान म्हणाले, गादी अलिबागला देऊ, कापूस पिंजून नवी करून आणू. मी नको म्हटलं. गेल्या शनिवारी आम्ही सगळे गावी गेलो होतो. दुपारी जेवण झाल्यावर ओंकार त्या खोलीत जाऊन आडवा झाला. मी थोड्या वेळाने डोकावले. एवढा उंच मुलगा, पाय पोटाशी घेऊन पार भिंतीला चिकटून झोपला होता. कडेची जागा त्याने मोकळी ठेवली होती.